१०३ मीटरच्या देशातून

मंडळी, कतारमध्ये राहून डोंगरावर लेख लिहायचा म्हणजे लातुरात बसून नौकानयनावर लिहिण्यासारखं आहे, हे आम्हाला कबूल आहे. हा देश उत्तर-दक्षिण जेमतेम १६० किलोमीटर. त्यातली सर्वात उंच जागा दक्षिणेकडे, कुरैन अबू अल-बौल नावाची, आणि तिची उंची १०३ मीटर. आपण देशाच्या सर्वोच्च जागी उभे आहोत हे तिथे कोणीतरी सांगावं लागतं, आपलं आपल्याला कळत नाही. झिक्रीतला वाऱ्याने कातलेले चुनखडीचे छत्रीसारखे सुळके आहेत, फोटोत ते फार भव्य दिसतात. त्याच वाळवंटात रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकाराने २०१४ साली पोलादाचे चार उंचच उंच पत्रे एका रांगेत उभे केले. ती रांग किलोमीटरभराहून लांब आहे. लांबून पाहिलं की आम्हाला तेच आपले कडे वाटतात. बाकी मसईदच्या पुढे सीलाइनला वाळूच्या टेकड्या आहेत, पण त्यांचा भरवसा काय? आज इथे, उद्या तिथे.

गंमत म्हणजे इथे जन्मलेली आपली मुलं देखावा काढायला बसली की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली वळणावळणाची नदी असंच काढतात. डोंगर नाही, नदी नाही, तरी चित्र तेच. रक्तात असतं म्हणायचं, दुसरं काय!

तर ही कथा सुरू झाली गेल्या फेब्रुवारीत. कतारमध्ये २०१२ पासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी राष्ट्रीय क्रीडादिनाची सुट्टी असते. त्या दिवशी अस्पायर पार्कात आपली बरीच कुटुंबं जमली होती. पोहे झाले, रस्सीखेच झाली, आणि चहाच्या वेळी कोणीतरी कळसूबाईचा विषय काढला. मग कोण किती वेळा गेलंय, पावसात गेलंय की उन्हात, लोखंडी शिड्या नव्हत्या तेव्हा गेलंय की नंतर, यावर तासभर रणधुमाळी. शेवटी आमच्यातले सातारकर काका म्हणाले, "बोलताय कसले नुसते? एक खरा डोंगर करू या." काकांचं वय एकसष्ट. इथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, आणि नोकरी येत्या मे महिन्यात संपते. तीस वर्षांचा संसार आवरून ते आणि काकू साताऱ्याला परत जाणार आहेत. त्यामुळे ते "एक खरा डोंगर" म्हणाले तेव्हा हसण्यावारी नेण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

पहिल्या बैठकीला चौदा जण होते, दुसऱ्या बैठकीला नऊ, आणि खर्चाचा कागद फिरल्यावर सात उरले. नावं घालत नाही, पण मंडळातल्या लोकांना ओळखायला वेळ लागणार नाही: सातारकर काका, आमच्या डॉक्टरीणबाई, नाशिककर पती-पत्नी, एक बँकवाले, इन्सुलिन घेणारे एक इंजिनिअर, आणि हे लिहिणारे आम्ही.

डोंगर कोणता, यावर फार वाद झाला नाही. हिमालयात जायचं तर भारतातली सुट्टी त्यात जाणार, आणि ती सासर-माहेर, लग्नकार्यं आणि बँकेची कामं यांच्यासाठी आधीच गहाण पडलेली. किलिमांजारो मात्र आपल्याच घड्याळात बसतो. टांझानियाची वेळ आणि कतारची वेळ एकच. उंची ५८९५ मीटर, आफ्रिकेतला सर्वात उंच, पण दोर लावून चढायची गरज नाही. चालत जाता येतं. आमच्या कतारच्या भाषेत सांगायचं तर ५७ कुरैन एकमेकींवर रचल्या की झालं. मराठीत सांगायचं तर साडेतीन कळसूबाई, आणि वर थोडं वरकड. देवीच्या हिशेबात साडेतीनला महत्त्व आहे, म्हणून काकूंनी हा आकडा शुभ ठरवला.

पण "चालत जाता येतं" हेच या डोंगराचं कपट आहे. ज्याला दोर लागतो त्याला माणूस घाबरून असतो. किलिमांजारोला कोणी घाबरत नाही, आणि चार-पाच दिवसांत समुद्रसपाटीची सवय असलेलं शरीर घेऊन अशा ठिकाणी पोचतो जिथे प्रत्येक श्वासात खालच्या निम्माच प्राणवायू मिळतो. दोह्यात आपण समुद्राला खेटून राहतो. आमच्याइतकं "खालून" निघणारं दुसरं कोणी नसेल.

या डोंगराचा इतिहासही हेच सांगतो. हान्स मेयर हा जर्मन भूगोलज्ञ १८८७ साली पहिल्यांदा आला आणि बर्फाच्या कड्याखालून परत फिरला. १८८८ साली किनाऱ्यावरच्या बंडात सापडून कैद झाला, खंडणी भरून सुटला. १८८९ साली तो तिसऱ्यांदा आला तेव्हा ऑस्ट्रियाचा निष्णात गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर त्याच्याबरोबर होता. पण आम्हाला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. या खेपेला त्याने वाटेवर तळ उभारले आणि खालून शिधा वर येत राहील अशी व्यवस्था केली, म्हणजे एकदा जमलं नाही तर खाली पळत न येता वरच थांबून पुन्हा प्रयत्न करता येईल. ६ ऑक्टोबर १८८९ ला ते दोघे माथ्यावर पोचले. जिद्द तिन्ही वेळा होती, शिधा आणि सवड तिसऱ्या वेळी मिळाली.

ही गोष्ट बैठकीत सांगितली, कारण आमचं खरं भांडण दिवसांवरूनच होतं. बँकवाल्यांना सलग सहा दिवसांपेक्षा जास्त रजा मिळेना. सहा दिवसांत माचामे वाटेने चढून उतरता येतं, रोज शेकडो लोक करतात, पैसेही कमी पडतात. डॉक्टरीणबाई मात्र आठ दिवसांच्या लेमोशो वाटेवर अडून बसल्या. त्यांनी मुलाच्या शाळेच्या वहीत दोन रकान्यांत रात्रीच्या मुक्कामांच्या उंच्या लिहिल्या. सहा दिवसांच्या वाटेवर रात्री साधारण २८५०, ३८५०, ३९५० आणि ४६७० मीटरवर. आठ दिवसांच्या वाटेवर २८००, ३५००, ३८५०, ३९५०, ४०००, ४६७०. वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा की तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा. या नियमात दोन्ही वाटा पुरत्या बसत नाहीत, शेवटची उडी दोन्हीकडे मोठीच आहे. पण एकीत शरीराला सवय व्हायला दोन रात्री जास्त मिळतात. शिवाय मधल्या एका दिवशी ४६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं आणि झोपायला पुन्हा ३९५० ला उतरायचं. "चढा उंच, झोपा खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि ज्याला रजा नाही त्याने हा डोंगर पुढच्या वर्षी करावा, डोंगर कुठे जात नाही." बँकवाले दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रजा मंजूर झाल्याचा फोन आला. ती कशी मिळाली हे आम्ही विचारलं नाही.

मग आली कराराची भानगड. १९९६ च्या मे महिन्यातल्या एव्हरेस्टच्या दुर्घटनेवर आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १० मेच्या त्या वादळात आठ माणसं गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची परत फिरण्याची ठरलेली वेळ टळून गेल्यावरही पावलं वरच पडत होती. वर गेल्यावर माणूस शहाणपणाने विचार करील या भरवशावर राहू नये. वरच्या विरळ हवेत डोकंच आधी चालेनासं होतं. म्हणून शहाणपण खालीच, पंख्याखाली बसून, कागदावर लिहून ठेवायचं. आम्ही एक पान लिहिलं आणि सातही जणांनी सह्या केल्या. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर या प्रत्येकाला रोज संध्याकाळी शून्य ते तीन गुण द्यायचे, आणि ते खरे द्यायचे. गुण वाढले तर त्या दिवशी वर नाही. चालताना झोकांड्या जायला लागल्या किंवा बसल्या जागी धाप लागली तर ताबडतोब खाली, रात्र असो की पाऊस. गाइडने परत फिर म्हटलं तर वाद घालायचा नाही, नवऱ्यानेही नाही आणि बायकोनेही नाही. (हे शेवटचं कलम नाशिककरीणबाईंच्या आग्रहाने.) एक जण खाली गेला म्हणून बाकीच्यांनी रडत बसायचं नाही, त्याच्याबरोबर सहायक गाइड जाईल एवढी माणसं आधीपासूनच बरोबर ठेवायची. करोनाच्या काळात घरोघरी घेतलेली बोटाला लावायची ती यंत्रं कपाटातून बाहेर निघाली. इंजिनिअरसाहेबांच्या इन्सुलिनचा वेगळा विचार करावा लागला, कारण ते गोठलं की निकामी होतं. रात्री ते अंगाशी, झोपायच्या पिशवीत ठेवायचं. साखर मोजायचं यंत्रही थंडीत भलतंच सांगू शकतं, म्हणून तेही खिशात, उबेत. डोंगरावर घ्यायच्या गोळ्या सुद्धा डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आधी दोह्यातच दोन दिवस घ्यायला लावल्या, कोणाला काय त्रास होतो ते घरच्या घरी कळावं म्हणून.

आता सरावाचं. ४१०० मीटरचा चढ म्हणजे पाच बुर्ज खलिफा. आमच्या इमारतीला वीस मजले, म्हणजे चौसष्ट-पासष्ट मीटर. हिशेबाने चौसष्ट वेळा जिना चढला की किलिमांजारो. मे ते सप्टेंबर बाहेर पाऊल टाकायची सोय नसते, तेव्हा आम्ही आगीच्या वेळी वापरायच्या जिन्यात मुक्काम ठोकला. पाठीवर ओझं म्हणून बासमतीची दहा किलोची पिशवी. तिथे ना वारा ना खिडकी. नुसता सिमेंटचा वास आणि आपल्याच बुटांचा आवाज. शुक्रवारी पहाटे कधी अस्पायर पार्कातली टेकाडं, आणि ऑक्टोबरपासून सीलाइनची वाळू. वाळूत दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली घसरतं. माथ्याच्या आधीच्या भुसभुशीत राखेच्या चढाला याहून चांगली तालीम नाही.

त्या जिन्यातच आम्हाला या सगळ्या बेतातला सर्वात अवघड प्रश्न विचारला गेला. आमच्या इमारतीचा रात्रपाळीचा पहारेकरी नेपाळचा, सोलुखुंबूकडचा. तांदूळ पाठीवर घेऊन आम्ही का चढ-उतर करतो हे त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो मनापासून हसला. मग म्हणाला, "साब, वहाँ सामान कौन उठाएगा?" आम्ही म्हटलं, तिथले हमाल असतात, पोर्टर. त्याने विचारलं, "कितना किलो? कितना पैसा?" आम्हाला दोन्ही ठाऊक नव्हतं, कारण तोवर तो तपशील बघायची वेळच आली नव्हती. त्याचे वडील लुक्लाच्या वाटेवर डोको वाहत, म्हणजे पाठीवर वेताची टोपली आणि तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर. ते कपाळावर पडलेला खड्डा त्याने बोटाने स्वतःच्या कपाळावर दाखवला. "वो लोग चप्पल में जाते हैं," एवढं म्हणून तो आपल्या खुर्चीकडे गेला.

त्यानंतरची बैठक फक्त याच विषयावर झाली. आमच्या सात जणांमागे वर पंचवीसच्या आसपास माणसं लागणार: गाइड, स्वयंपाकी आणि मुख्यतः ओझेवाले. तंबू, भांडी, शिधा, आमच्या बॅगा सगळं त्यांच्या डोक्यावर. १९९१ पासून तिथे गाइडशिवाय चढायला बंदी आहे. ओझ्यावर वीस किलोची मर्यादा आहे आणि गेटवर वजन होतं. पण नियम असणं आणि पाळला जाणं यातलं अंतर आपल्याला आखातात राहून कोणी शिकवायला नको. स्वस्तात नेणाऱ्या कंपन्या पैसे वाचवतात ते कुठून? आमच्या जेवणातून वाचवत नाहीत, आम्ही तक्रार करू. ओझेवाल्याच्या मजुरीतून, त्याच्या जेवणातून, तंबूतल्या जागेतून. २००३ पासून तिथे 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' नावाची संस्था काम करते. मजुरी ठरल्याप्रमाणे मिळते का, दिवसातून तीन वेळा जेवण मिळतं का, झोपायला धड तंबू आहे का, ओझं किती आहे, यावर ती लक्ष ठेवते आणि जे व्यवस्थापक हे पाळतात त्यांची यादी ठेवते. आम्ही त्या यादीतल्या तिघांना पत्रं पाठवली, आणि भावाच्या आधी हे प्रश्न विचारले. एकाने फक्त भाव कळवला. त्याला रामराम केला.

बँकवाले या बैठकीत म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण आपण टॅक्सीवाल्याला विचारतो का, तुझा मालक तुला किती देतो?" खोली जरा शांत झाली. कतारमध्ये मार्च २०२१ पासून सर्वांसाठी किमान वेतन १००० रियाल झालं. राहण्या-खाण्याची सोय मालकाने केली नसेल तर त्याचे ५०० आणि ३०० वेगळे. उन्हाळ्यात १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करवून घ्यायला बंदी आहे. हे नियम आम्हाला ठाऊक होते, कारण आमच्यातल्या दोघांना कामाच्या जागी ते राबवावे लागतात. तरी आमच्याच इमारतीत पहाटे गाड्या धुणाऱ्या मुलाला महिन्याला किती मिळतात हे सातपैकी दोघांनाच सांगता आलं. त्या दिवशी त्यावर ठराव वगैरे काही झाला नाही. पण काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि त्याच्याबरोबरचा आमचा हिशेब त्या महिन्यापासून बदलला.

झेंड्यावरूनही थोडं झालं. मंडळाचा फलक, तिरंगा आणि भगवा असे तीनही माथ्यावर लावून यायचे, असा एक प्रस्ताव होता. भावना आम्हाला मान्य. पण लावून यायचं म्हणजे तिथे कापड, काठी आणि दोरी सोडून यायची. गडावर पाऊल टाकण्याआधी पायरीला हात लावून कपाळाला लावणारी आपली माणसं. वर जाऊन काही ठेवून येण्याची आपली रीत नाही. काकांनी कांचनगंगेची गोष्ट सांगितली. १९५५ च्या २५ मे रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे दोघे त्या ८५८६ मीटरच्या शिखरावर पहिल्यांदा पोचले, आणि सिक्कीमच्या महाराजांना दिलेल्या शब्दाप्रमाणे शेवटच्या काही फुटांवर थांबले. माथ्याला पाय लावला नाही. त्याच कांचनगंगेवर २०१९ च्या १५ मे रोजी पुण्याच्या गिरिप्रेमीचे दहा गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पोचले. ही मोहीम त्यांनी पर्यावरणाच्या नावाने आखली होती. शेवटी ठरलं की झेंडे न्यायचे, फोटो काढायचा आणि घडी घालून परत आणायचे. या फोटोच्या वेळी "मंडळाचा फलक पुढे की भगवा पुढे" हा वाद ५८९५ मीटरवर घालायला कोणाच्या छातीत दम उरणार नाही, अशी आमची अटकळ आहे.

कचऱ्याचं फार सांगत नाही. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे पिशवीत पिशवी आणि तिच्यात पिशवी चालणार नाही. खाऊसाठी कापडी पिशव्या शिवायचं काम काकूंकडे आहे. मात्र एक गोष्ट बैठकीत कोणी काढली नाही, ती इथे लिहितो. १९१२ पासून आजपर्यंत किलिमांजारोवरचं ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेलं आहे. आम्ही ते उरलंसुरलं बघायला विमानाने जाणार, आणि त्या विमानाचं तिकीट ज्या पगारातून निघणार तो पगार रास लफानच्या गॅसवर उभा आहे. कापडी पिशव्यांनी याची भरपाई होत नाही हे आम्हाला कळतं.

डिसेंबरात राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला जोडून आम्ही ओमानला जाऊन रंगीत तालीम केली. जबल शम्स हा तिथला सर्वात उंच डोंगर, सुमारे तीन हजार मीटर. मस्कतपर्यंत विमान, पुढे निझवा, अल हमरा करत शेवटी खडीच्या रस्त्याने वर पठारावर. पठाराच्या कडेला गेलं की पायाखाली एकदम पोकळी: वादी नख्रची ती प्रचंड घळ, आणि तिच्या तळाशी काडेपेटीएवढी दिसणारी घरं. आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण त्याला कारण, वारा नव्हे, असं दोघींनी सांगितलं. उत्तरेकडच्या मुख्य माथ्यावर लष्कराचं ठाणं आहे, म्हणून लोक दक्षिण माथ्यावर जातात. पठारापासून तो साधारण हजार मीटर वर. वाट दगडाळ, वर वर जावं तशी जुनिपरची वाकडीतिकडी झाडं, आणि पहाटे पाण्याच्या बाटलीत बर्फाच्या काड्या.

करारात आम्ही परत फिरण्याची वेळ दुपारी साडेबारा लिहिली होती. डिसेंबरात अंधार लवकर पडतो आणि त्या दगडांत बॅटरीच्या उजेडात उतरणं नको. बारापर्यंत सगळे ठीक होतो, पण काका मागे पडत गेले. डोकेदुखी नाही, चक्कर नाही. फक्त पाऊल उचलेना. साडेबारा वाजले तेव्हा माथा समोर दिसत होता. अगदी समोर. पाऊणएक तासाचं काम. आम्ही सगळे घड्याळाकडे न बघण्याचा कसोशीने प्रयत्न करत होतो. कोण बोलणार? ज्यांच्यासाठी हा डोंगर काढला त्यांनाच कसं सांगायचं? नाशिककर म्हणाले, "अर्धा तास जास्त घेऊ, काय बिघडतं?" आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी काहीही बिघडलं नसतं. आकाश निरभ्र होतं. काकांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, खिशातून तो कागद काढला (हा माणूस कागद बरोबर घेऊन आला होता!) आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझी सही आहे ना यावर?" मग काठी वळवून उतरायला लागले. आम्ही सहा जण त्यांच्या मागे. माथ्यावर कोणीच गेलं नाही. तसं करायची कराराने सक्ती नव्हती, पण पुढे जावंसं कोणालाच वाटलं नाही.

परत आल्यावर काकांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदयाची, पट्ट्यावर पळवून, सगळी. रक्तदाबाची गोळी बदलली, आणि निदान बरंचसं साधं निघालं: ते फार वेगाने निघत होते आणि फार कमी खात होते. आता ते सर्वात पुढे गाइडच्या मागे चालणार, म्हणजे सगळ्यांची चाल त्यांच्या चालीने. किलिमांजारोवर दिवसभर एकच मंत्र ऐकू येतो म्हणे, "पोले पोले", हळू हळू. स्वाहिली भाषेत आपल्या ओळखीचे पुष्कळ पाहुणे आहेत. चहाला चाय, दुकानाला दुका, रंगाला रांगी, विम्याला बीमा. शेवटच्या तळाचं नाव बाराफू, म्हणजे बर्फच. माथ्याचं नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. १९६१ च्या ९ डिसेंबरला टांगानिका स्वतंत्र झाला त्या रात्री अलेक्झांडर न्यिरेंडा या तरुण सैनिकी अधिकाऱ्याने तिथे मशाल पेटवली होती. बाराफूहून मध्यरात्री निघायचं आणि पहाटे तिथे पोचायचं, बाराशे मीटरचा चढ, उणे दहा-पंधरा अंशात. तिथेही परत फिरण्याची वेळ कागदावर आहे. काकांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

खाण्याचं सांगितल्याशिवाय मराठी प्रवासवर्णन पुरं होत नाही. उंचीवर भूक मरते, म्हणून ज्याची चव तोंडाला माहीत आहे ते न्यायचं. पण बाराफूला पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं, तेव्हा वरण शिजायचं नाव घेणार नाही. कुकर न्यावा असा एक प्रस्ताव आला होता. "आणि तो कोण उचलणार?" असं सगळ्यांनी एकदम विचारल्यावर मागे घेतला गेला. मेतकूट, भाजलेल्या सातूचं पीठ, गुळाच्या वड्या, आमसुलं आणि लिंबाचं लोणचं एवढं जाणार. तिथला स्वयंपाकी भात देईल, मेतकूट आमचं. प्रत्येकाच्या बॅगेला पंधरा किलोची मर्यादा आम्ही घालून घेतली आहे आणि ती काकूंच्या घरच्या काट्यावर मोजली जाते. बँकवाल्यांची बॅग आजवर तीनदा परत गेली. त्यातून इस्त्रीचे चार शर्ट निघाले.

निघणार फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. पहारेकऱ्याला तारीख सांगून ठेवली आहे. आमच्या कुंड्यांना पाणी घालायचं त्याने कबूल केलंय, आणि फोटो दाखवायचं आम्ही.

आता वाचकांकडे एक मागणं. वर उल्लेख केलेली संस्था ओझेवाल्यांना चढाईपुरते उबदार कपडे मोफत वापरायला देते. थंडीच्या देशांतून बदली होऊन आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांच्या माळ्यावर जाकिटं, हातमोजे, कानटोप्या, पावसाळी पँटी, बूट पडून आहेत. दोह्यात त्यांचा उपयोग शून्य. आमच्या प्रत्येकाच्या विमानातल्या सामानात अशा कपड्यांसाठी आठ किलोची जागा राखली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना घेऊन या, काकू दारापाशीच बसणार आहेत. बूट तळवा न निघालेले असावेत, जाकिटांच्या चेनी चालत असाव्यात, आणि मोजे कृपा करून नवेच द्या.